सरांचा अ

"अहिंसा?" पट्टशिष्याने विचारलं.

सरांनी मान हलवली. नाही.

"अपरिग्रह? अनेकान्त?"

सरांनी डोळे मिटून घेतले. "अ… अ…" एवढंच पुन्हा ओठांतून आलं आणि डाव्या, म्हणजे चालत्या हाताने त्यांनी गादीवर जोरात थाप मारली. पांघरुणावर रचलेली तीन जाडजूड पुस्तकं घसरून खाली पडली.

"अहो, त्यांना जरा दम तरी खाऊ द्या!" काकू दारातून म्हणाल्या. सकाळपासून त्या हे चौथ्यांदा म्हणत होत्या.

पट्टशिष्य हे नाव काकूंनीच ठेवलेलं. चाळिशी उलटलेला, स्वतः कॉलेजात शिकवणारा माणूस, पण सरांच्या खोलीत आला की पहिल्या बाकावरचा होऊन जायचा. सरांचं शेवटचं पुस्तक तोच लिहून घेत होता. हिंदू, जैन, बौद्ध: तिघांचा उगम कुठून, पटतं कुठे, फाटतं कुठे. सगळं झालं होतं, शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं. "तिन्ही धर्मांचा गाभा एकाच शब्दात सांगायचा झाला, तर तो शब्द आहे…" एवढं सांगून सर पाणी प्यायला उठले आणि टेबलाशीच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उरला तो हा अ.

आणि या गृहस्थाला तेवढ्या अ-वर पुस्तक पुरं करायचं होतं. आता काय म्हणावं याला!

"काकू, अ-च असणार, बघा ना," तो पुस्तकं उचलत म्हणाला. "तिघांचं किती वेगळं आहे. एकाला संस्थापकच नाही, यज्ञातून, मंत्रांतून पिढ्यान् पिढ्या वाढत आलेला. बाकी दोघांत ज्यांची नावं आपण घेतो, ते दोघेही राजपुत्र, भरलं घर सोडून निघालेले."

"मागे राहिलेल्या बायकांनी काय केलं, ते लिहिलंय का कुठे?"

"तो विषय वेगळा आहे, काकू. आत्म्याचंच घ्या. अद्वैतवाले म्हणणार, सगळ्यांत एकच. जैन म्हणणार, ज्याचा त्याचा वेगळा, अगदी पाण्याच्या थेंबातल्या जिवाचासुद्धा. बौद्ध म्हणणार, असा कायमचा आत्मा नाहीच मुळी. पण बोलतात सगळे अ लावूनच. कर्म मात्र तिघांनाही मान्य."

"मलाही मान्य आहे. भोगतेय ना. आत्मा आहे की नाही ते तुम्ही सावकाश ठरवा, जीव मात्र माझा जातोय."

काकूंनी सरांची हनुवटी टिपली, उशी सारखी केली. सर त्यांच्याकडे टक लावून बघत होते. रागाने की काय, कळत नव्हतं. काकूंना हल्ली त्यांचं काहीच कळत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त वैताग येत होता. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, त्याचं काही नाही. हात मोडेपर्यंत करतील. पण हे घर बोलण्याचं होतं. हा माणूस झोपेतसुद्धा व्याख्यान द्यायचा. आता दिवसभर भांड्यांचाच काय तो आवाज. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, एक अख्खा शब्द आपसूक येऊ द्या, त्याच्या मागे बाकीचे येतील. नाहीच आला, तर खुणांवर भागवायची तयारी ठेवा. आणि तोंडात शब्द कोंबू नका.

हा बाबा तर पोत्याने कोंबत होता.

"अनित्य?" तो सरांच्या कानाशी वाकला. "सर, अनित्य? अनात्म?"

"अ… अ…" सरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. हात पुन्हा गादीवर आपटला.

"जवळ आलोय, काकू! बघा, चिडतायत! अद्वैत? सर, अद्वैतच ना?"

"असेल अद्वैत नाहीतर फद्वैत!" काकूंचा तोल सुटला. "कान किटले माझे. महिना होत आला, माझ्या माणसाला साधं पाणी मागता येत नाही, आणि तुम्हाला गाभा पाहिजे! छापा काहीही. कोण विचारायला येणार आहे?"

पट्टशिष्याचा चेहरा पडला. "मला माझ्यासाठी नकोय हो," तो पुटपुटला. "सरांचं वाक्य अर्धं राहू नये, एवढंच."

काकूंना वाईट वाटलं, पण ते वाटून घ्यायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. डोळे भरून आले. ते या दोघांना दिसू नयेत म्हणून त्या रिकामी वाटी उचलून तरातरा स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"अगं."

"आले, आले. काय हवंय?" चालता चालताच काकू म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर थिजल्या.

इकडे पट्टशिष्य ताडकन उभा राहिला होता. "अगम्य! काकू, ऐकलंत? अगम्य! सर अगम्य म्हणतायत! म्हणजे तिघांचाही गाभा… वा, सर! हे मला सुचलंच नसतं!"

"अगं," सर पुन्हा म्हणाले. त्याच्याकडे न बघता.

"अगम्य कसलं डोंबलाचं!" काकू वाटीसकट मागे फिरल्या. "मला हाक मारतायत ते. सरका तिकडे."