शेड कार्ड

रुग्णालयात सकाळी सात वाजता भेटीची वेळ सुरू झाली, तसं रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या बापाने खिशातून गुलाबी छटांचं शेड कार्ड काढलं आणि काचेच्या पेटीला टेकवून आतल्या लेकीच्या तळपायाशी ताडून पाहिलं. लेक दोन महिने आधीच जन्मली होती. अंगात रक्त कमी, म्हणून लोहाचे आणि जीवनसत्त्वांचे थेंब सुरू होते.

"कालच्यापेक्षा एक घर गडद आहे," तो म्हणाला.

"अहो, पोरगी आहे ती, बैठकीची भिंत नव्हे," बायको म्हणाली. "भिंतीचा रंग अजून ठरतोय तुमचा. हिलाच दम निघाला नाही, आली बिचारी!"

नर्सलाही हसू आलं. "मग डॉक्टरांना सांगू का, रक्ताची तपासणी बंद करा म्हणून?"

"सांगा की, सिस्टर. तेच म्हणाले ना, रोज रोज तपासायला घेतलं तर आहे तेही रक्त कमी होईल? माझ्या तपासणीला थेंबभरही लागत नाही."

यावर कोणी हसलं नाही. त्या दिवशी तपासणी होतीच. नर्सने इवल्याशा टाचेतून रक्त घेतलं, तेव्हा तो खिडकीकडे बघत राहिला.

दुकानाला निघाला, तर खिशात कार्ड नाही. दारातून वळून पाहिलं. बायको पेटीवर वाकून कार्ड काचेला लावत होती आणि नर्स तिला म्हणत होती, "असं नाही, जरा उजेडात धरा."

रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता.