भिंतीपलीकडचा सामना

सामना संपला तशी भिंतीपलीकडची आरडाओरड एकदम थांबली. जवळजवळ जिंकलेल्या स्कॉटलंडला इंग्लंडनं अगदी शेवटच्या मिनिटाला बरोबरीत गाठलं होतं. पीत्या बाळाला छातीशी धरून केतकीनं आपला टीव्ही बंद केला.

कोल्हापुरात असती, तर एव्हाना अख्ख्या फुटबॉलवेड्या पेठेनं रेफरीला धारेवर धरलं असतं, बाबा तर जेवलेच नसते. ग्लासगोत येऊन सहा महिने झाले, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांशी 'हॅलो'पलीकडे शब्द नव्हता. तिनं ड्यूटीवरच्या नवऱ्याला निकाल कळवला. त्याचं उत्तर आलं, 'हरले नाहीत ना? मग झालं तर.'

तेवढ्यात दार वाजलं. बाळाला खांद्यावर घेऊन तिनं ते उघडलं. गळ्यात निळा मफलर घातलेले शेजारचे म्हातारबाबा ओशाळून उभे होते.

"पोरी, माझ्या ओरडण्यानं बाळ उठलं का?"

मागे त्यांचं दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू होता आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची होती. तिला वाटलं होतं, तिकडे दहा-बारा जण जमलेत.

तिनं नकारार्थी मान हलवली. "तो गोल ऑफसाइड होता," तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारबाबा ताठ झाले. "छट्! आमचीच गाढवं झोपली होती मागे!"

"ऑफसाइडच होता, आजोबा," ती चक्क मराठीत म्हणाली, "मी कोल्हापूरची आहे, मला नका शिकवू."

मग तिथेच, जिन्यात, दोघांची जी जुंपली, ती खांद्यावरचं बाळ गाढ झोपलं तरी थांबली नाही.