शेगडीचं कपाळ

निवृत्तीनं शेगडीला पक्कडीनं पुन्हा ठोकलं, तेव्हा सुलाबाईला पोटच्या पोराची लाज वाटली.

"मार, अजून मार," ती म्हणाली. "रडंल आणि सांगंल कुठं दुखतंय ते."

शेगडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. आत बॅटरीवरचा पंखा. तो फिरला की जाळ निळा आणि धुराचं नाव नाही, असं विकणारा सांगून गेला होता. आज पंखा हूं का चूं करत नव्हता आणि घर धुरानं कोंदलं होतं. उंबऱ्यावर बसून सून हर्षाली खोकत होती. तिच्या छातीला धूर चालायचा नाही असं निफाडच्या डॉक्टरनं बजावलं, म्हणून तर चूल मोडून ही शेगडी आणलेली.

निवृत्ती शेगडीबरोबरचं पुस्तक डोळ्यांशी धरून वाचत होता. "हिरवा दिवा, समदं ठीक. लाल दिवा, बॅटरी उतरली, चार्जिंगला लावा." त्यानं शेगडीभोवती एक फेरी मारली. "आई, हिला दिवाच नाय!"

लासलगावच्या बाजारात नुसत्या वासावर नासका कांदा ओळखणारा गडी, आणि हातभर शेगडीत त्याला दिवा सापडंना! शेजारची गोजराबाई धूर बघून आली होती, ती नाकाला पदर लावून मजा बघत होती.

"फसवलं आपल्याला," निवृत्तीनं निकाल दिला. "उद्या चूल मांडू परत."

हर्षालीनं मान वर केली. बोलायला गेली, तर उबळच आली. बायको खोकून खोकून मरायला टेकली आणि ह्याला चूल सुचतेय! सुलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

"दिव्याची जागा कुठं म्हणलीय पुस्तकात?"

"पुढं. मधोमध."

पुढं मधोमध कुंकू होतं. दिवाळीत शेगडी घरात आली तेव्हा हर्षालीनं पूजा केली. समोर ती गोल काच दिसली, तेच शेगडीचं कपाळ समजून तिथं टिळा लावला. तेव्हापासून रोज सकाळी पेटवण्याआधी नवं बोट. आता चांगली खपली धरली होती.

निवृत्तीनं हात पुढं केला.

"अरे अरे!" गोजराबाई किंचाळली. "सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसतो? तेबी दिवेलागणीला?"

निवृत्तीचा हात मागं आला. इतका वेळ पक्कड चालवणारा वाघ टिळ्यापुढं शेळी झाला. हर्षालीनं तर डोळेच मिटून घेतले.

"सरका," म्हणत सुलाबाई उठली. "शेगडीचा नवरा कुठं दवाखान्यात पडलाय गं, गोजरे? आणि पुसायचंच, तर माझं कपाळ कोरडंच हाय. माझं काय जायचं राहिलंय?"

तिनं पदराचं टोक भिजवलं आणि काच खसाखसा पुसली. आत लाल दिवा लुकलुकत होता. कधीपासून, देव जाणे.

निवृत्तीनं चार्जिंगची वायर जोडली. जरा वेळानं पंखा घुं घुं करू लागला, धूर विरला आणि हर्षालीचा श्वास जागेवर आला.

"बिनकुंकवाची शेगडी," गोजराबाई पुटपुटली. "बरं नाय दिसत."

सुलाबाईनं देवळीतला करंडा उचलला. नवरा गेल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता. काचेच्या बोटभर खाली तिनं ठसठशीत टिळा लावला, आणि त्याच लाल बोटानं गोजराबाईला दार दाखवलं.