हॉलंडचा अनुभव

पिंपळगावात सोपानरावांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. त्यांच्या नववीतल्या तेजूने परीक्षा संपल्यावर तिथे कामाला बसायचा हट्ट धरला, तेव्हा घडातले खराब मणी काढून पेट्या भरणाऱ्या कमळाबाईंच्या देखतच सोपानरावांनी लेकीला उडवून लावलं, "इथं शिकण्यासारखं काय आहे?" आणि शाळेमार्फत तिला दोन आठवडे कामाचा अनुभव घ्यायला थेट हॉलंडला धाडलं. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यात तेजूपेक्षा सोपानरावांचाच फोटो मोठा होता.

आठव्या दिवशी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. सगळ्या बायकांना ऐकू जावं म्हणून सोपानराव मुद्दाम पॅकहाउसच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि फोनचा आवाज वाढवला.

"सांग तेजू, काय काय शिकलीस?"

"पप्पा, मी इथे गोदामात द्राक्षं तपासते. आज मॅडमनी एक पेटी उघडून दाखवली. म्हणाल्या, हे काम खरंच शिकायचं असेल, तर ही पेटी जिने भरली त्या बाईजवळ जाऊन बस."

"अरे वा! कुठल्या देशाची गं पेटी?"

"आपलीच, पप्पा. चिठ्ठीवर सतरा नंबर आहे. कमळामावशींचा."

सोपानरावांनी घसा खाकरला आणि हळूच कमळाबाईंकडे पाहिलं.

 

हातातली कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, "पण मालक, इथं शिकण्यासारखं काय हाय?"