एकतीस अंश

करागंदा शहरात उणे पंचवीसची थंडी पडली होती. मेरुएर्तने पाळलेला साप आईला डोळ्यांसमोरही नको असायचा, म्हणून परीक्षेला अल्माटीला जाताना तिने त्याची काचपेटी गावाहून राहायला आलेल्या आजीच्या हवाली केली.

"खायला काही नको त्याला, परवाच जेवलाय. दिव्याखालच्या तापमापकाचा काटा तेवढा एकोणतीसच्या खाली आणि तेहतीसच्या वर जाऊ देऊ नकोस. शब्द दे."

आजीने तिच्या कपाळाचा मुका घेऊन शब्द दिला.

आठ दिवस मेरुएर्त रोज फोन करायची. "आजी, किती?" "एकतीस." तेवढं ऐकलं की निर्धास्त होऊन ती पुस्तकात डोकं घालायची.

परतली तेव्हा दिवा चालू होता, काटा एकतीसवर होता आणि पेटी रिकामी होती.

"पहिल्याच दिवशी डोक्यावर दूध ओतलं नि मानाने दाराबाहेर सोडला," आजी चहा ओतत म्हणाली. "घरात आलेल्या सापाला आपल्यात असाच निरोप देतात."

"बर्फात? आणि मला रोज एकतीस सांगत होतीस?"

 

"खोटं काय बोलले? तू काट्याचं विचारायचीस, मी काट्याचं सांगायचे. सापाचं विचारलं असतंस, तर सापाचं सांगितलं असतं."