तळ्याकाठच्या बाई

छताला धाडकन हादरा बसला, तेव्हा नाटकातलं पुढचं वाक्य ग्रंथपालांचं होतं.

ते त्यांनी म्हटलंच नाही. हेडफोन गळ्यात ओढला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि छतावर दोनदा ठोकली. वरचं नवं बिऱ्हाड आल्यापासून हे असंच चाललं होतं. नेमकी वर्गाची वेळ झाली की वर खुर्ची सरकायची. ग्रंथपालांचा जन्म वाचनालयात लोकांना गप्प बसवण्यात गेलेला. आता स्वतःच्याच डोक्यावर कोणी आवाज करावा, हे त्यांना सोसायचं नाही. गुडघ्यांमुळे जिना चढून भांडायची सोय नव्हती, म्हणून ते वॉचमनबरोबर निरोप धाडत. दर वेळी निरोप थोडा अधिक तिखट होई. वरून कधी उलट उत्तर आलं नाही, याचाही त्यांना राग यायचा.

काठी ठेवून त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. तळं होतं. बाई नव्हत्या.

ज्येष्ठांच्या या ऑनलाइन नाट्यवाचनाच्या वर्गात खऱ्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. बाईंनी आपल्यामागे तळ्याचं चित्र लावलं होतं. खोलीतला पसारा दिसू नये म्हणून, असं त्या स्वतःच सांगत. म्हणून त्या तळ्याकाठच्या बाई. आज त्या आणि ग्रंथपाल मिळून एका नवरा-बायकोचं भांडण वाचत होते. भांडण रंगलं की बाई बसून राहत नसत, ताडकन उभ्या राहत. ग्रंथपाल मुलीला सांगायचे की आपण वर्गाला जातो ते नाटकाच्या गोडीने. मुलगी नुसती ‘हो का’ म्हणायची.

"वा, काय पडल्या!" निवृत्त बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तळ्यामागून कण्हल्याचा आवाज आला आणि टाळ्या थांबल्या.

वर्गाच्या मॅडमनी बाईंना फोन लावला. तो बाईंच्याच खोलीत वाजत राहिला, सगळ्यांनी ऐकला. कोणी उचलला नाही.

"पत्ता कोणाकडे आहे?" मॅडमनी विचारलं. "माझ्याकडे फक्त नंबर आणि ईमेल आहे."

कोणाकडेच नव्हता. बाईंचे यजमान कशाने गेले, बाईंना कुठल्या कुशीवर झोप लागते, मुलगा किती दिवसांनी फोन करतो, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. मध्ये त्यांनी घर बदललं, तेव्हा सामान लावून कंबर कशी धरली तेही सगळ्यांनी ऐकून घेतलं होतं. घर कुठे घेतलं, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

"बाई, ऐकू येतंय का? काहीतरी बोला," ग्रंथपाल म्हणाले. ते खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. हा आवाज आता ऐकू आलाच नाही तर? बायको गेल्यापासून त्यांच्याशी मन लावून भांडणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"त्या पडल्यावर कोणीतरी ठोठावलं," शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या. "मी ऐकलं ना. दोनदा. शेजारी कोणीतरी आहे नक्की."

"मग तो गाढव आत का येत नाही?" ग्रंथपाल ओरडले.

मॅडमनी सगळ्यांना माइक बंद करायला लावले. बाईंचा तेवढा चालू राहिला. त्यांच्या घरातलं काही कानावर पडलं तर निदान पोलिसांना सांगता येईल. पंख्याची घरघर आली. मग बाईंच्या खिडकीखाली कुठेतरी गाडीचा अलार्म केकाटू लागला, आणि नेमकी त्याच वेळी ग्रंथपालांच्या गल्लीतही एक गाडी बोंबलायला लागली. नीट ऐकू येईना. ते चरफडत एक कान उघडा ठेवून खिडकी लावायला गेले. कडीला हात घातला तोच गल्लीतली गाडी गप्प झाली.

हेडफोनातली क्षणभर उशिराने गप्प झाली.

ग्रंथपाल कडी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. काठीने ठोकून ठोकून तिथल्या रंगाचे पोपडे निघाले होते.

त्यांनी खिडकीतूनच वॉचमनला हाक मारली. वरच्या घराची जादा किल्ली त्याच्याकडे होती. तो येईपर्यंत ते जिन्याला लागलेसुद्धा. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. पायरीगणिक गुडघा जीव काढत होता, आणि ते त्याला वाचनालयातल्यासारखं दटावत होते. वॉचमन मागून आला, पुढे झाला, त्याने दार उघडलं.

घरात खरंच पसारा होता. अर्ध्या खोक्यांची दोरीसुद्धा सुटली नव्हती. टेबलावर लॅपटॉप, त्यात तळं आणि तळ्याभोवती सगळ्या वर्गाचे घाबरलेले चेहरे. बाई टेबलापाशी जमिनीवर होत्या. एक पाय अंगाखाली दुमडलेला, चष्मा लांब जाऊन पडलेला, डोळे मिटलेले. वॉचमन दारातूनच अॅम्ब्युलन्सला फोन करायला लागला. ग्रंथपाल काठी टेकत टेकत जवळ गेले.

काठीचा आवाज ऐकून बाईंनी डोळे न उघडताच मान जराशी वळवली.

"खालचे काका ना?" त्या म्हणाल्या. "आज खुर्ची नव्हती हो. मीच पडले."