उपासाला न चालणारी गोळी

मंगळागौरीला जमलेल्या बायकांचं लक्ष गौरीपेक्षा माझ्या धाकट्या जावेच्या कमरेकडेच जास्त होतं. ऑपरेशनने पोट लहान करून घेतल्यापासून शर्वरी छडीसारखी झाली होती. केसही विरळ झाले होते, पण त्यासाठी गजरे असतातच की!

"जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्या, नाहीतर पायांची जाणीव जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या बिचाऱ्यांना आमच्या सासूबाईंएवढं कुठलं कळायला! उपासाला गोळी चालत नाही. साबुदाणावडा चालतो. आणि आमच्या घरात उपास नसलेला वार शोधावा लागतो.

"आता तरी फुगडी घाल गं!" बायकांनी आग्रह केला. शर्वरी उठली, अडखळली आणि तिच्या धक्क्याने धुपाटणं कलंडलं. ती सावरून हसत उभी राहिली. काहीतरी करपल्याचा वास आला. मी आधी गॅस बघितला, मग तिचे पाय. टाचेखाली निखारा होता आणि ती अजून हसतच होती.

मी किंचाळून तिला बाजूला ओढलं. सासूबाईंनी गौरीपुढे हात जोडले.

"बघितलंत ना उपासांचं पुण्य? पोरीला साधा चटकासुद्धा बसला नाही!"